मिसळ आणि पंक्तिभेद

नाशिकच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे पंचवटी, गोदाघाट आणि सिंहस्थ यांचे स्मरण प्रथम व्हावे हे योग्यच आहे. परंतु रविवारी सकाळी या शहरातील आबालवृद्ध ज्या पदार्थाकडे धाव घेतात, त्या मिसळीलाही इतिहास आहे, आणि तो आपण जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

प्रथम ताटातील जिन्नसच पाहू. मोड आलेल्या मटकीची उसळ आपल्या घरची. कांदा तर याच जिल्ह्याचा. लासलगावची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. पण काळ्या मसाल्याच्या रश्शाला झणका देणारी मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांमुळे ती इकडे आली. त्यापूर्वी आपले तिखट मिऱ्यांवर भागत असे. पाव हा शब्दही पोर्तुगीजांचाच.

मिरची मुकाट्याने स्वयंपाकघरात शिरली आणि तिची जात कोणी विचारली नाही. पावाला मात्र ती सवलत मिळाली नाही. परधर्मीयाच्या हातचा पाव खाल्ला तर धर्म बुडतो, ही समजूत दीर्घकाळ टिकली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोरांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. एक पेला चहा एवढा महाग पडत होता!

पुढे शहरोशहरी उपाहारगृहे निघाली. पैसे टाकावे, बाकावर बसावे, शेजारच्याचे कुळ-गोत्र विचारू नये, असा तेथला रिवाज पडू लागला. तरी हा बाक सर्वांना खुला नव्हता. अस्पृश्य मानलेल्यांसाठी वेगळी कपबशी आणि दाराबाहेरची जागा ठरलेली असे. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि देवाचे दार माणसाला बंद का, हा प्रश्न सर्व देशाने ऐकला.

त्याचे एक उत्तर १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने दिले. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी आणि स्नानाचे घाट यांचा उल्लेख एकत्र आहे. घटनाकारांनी उपाहारगृहाचा बाक गोदाघाटाइतकाच महत्त्वाचा मानला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५५ च्या कायद्याने अशी अडवणूक शिक्षेस पात्र ठरविली.

आज पापड, दही आणि तर्रीची वाटी पुढे आली की बाकावर कोणी कोणाची जात विचारीत नाही. हे थोडके नव्हे. परंतु त्या बाकावरचा शेजारी आपल्या घरच्या पंगतीत, लग्नाकार्यात, आपला म्हणून किती वेळा बसतो? कायद्याचा अंमल उपाहारगृहाच्या दारापर्यंत पोचला. घरच्या उंबरठ्याच्या आतले काम आपले आहे. मिसळीचे गुणगान करणाऱ्या नाशिककरांनी तेही अंगावर घ्यावे, एवढीच आमची विनंती.