गोंधळाचे एक जुने पान

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात तेरणेच्या काठी माकणी हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस भवानीचे तुळजापूर. पूर्वेस चालुक्यांची राजधानी कल्याण, म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. ज्या कलेविषयी मी आज बोलणार आहे, तिच्या इतिहासाचा धागा या दोन नगरांस जोडतो. ती कला म्हणजे गोंधळ.

गोंधळ आपणांस अपरिचित नाही. लग्नकार्य पार पडले की कुलाचार म्हणून तो घरी घालतात. चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पाजळतात. संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नायक ठिकठिकाणच्या दैवतांना नाव घेऊन पाचारण करितो, मग आख्यान लावितो आणि शेवटी आरती होते. गोंधळ्यांत कदमराई हे तुळजाभवानीचे व रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक. इतका नेमस्त हा विधी. परंतु व्यवहारात आपण अव्यवस्थेलाच गोंधळ म्हणू लागलो, हे नवल होय!

आता मागे वळून पाहू. बाराव्या शतकात कल्याणास तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. संगीत-नृत्याचाही परामर्श घेणारा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ त्याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केला. त्याच्याविषयीची एक हकीकत काकतीय राजा गणपतिदेव याचा गजसेनापती जाय याने १२५३ च्या सुमारास रचिलेल्या ‘नृत्तरत्नावली’त येते. कल्याण नगरीत भूतमातेचा महोत्सव चालला असता भिल्लिणीच्या वेषातील एक स्त्री नाचत-गात असलेली सोमेश्वराने पाहिली. राजा प्रसन्न झाला आणि त्यावरून त्याने ‘गोंडली’ नावाचे नृत्य निर्मिले. कारण महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडिणी म्हणत. देवगिरीच्या शार्ङ्गदेवानेही आपल्या ‘संगीतरत्नाकरा’त या नृत्याचे वर्णन केले आहे.

गोंडली आणि गोंधळ यांचे नाते संशोधक जोडतात. दोहोंचे रूप मात्र एक नव्हे; तेथे नाचणारी स्त्री आहे, येथे आख्यान सांगणारा नायक आहे.

या हकीकतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, शास्त्र आधी आणि लोककला मागाहून, हा आपला समज खरा नव्हे. येथे लोकांच्या उत्सवात राजा प्रेक्षक होता; रानावनाचा वेष व ठेका प्रथम चौकात आला, तेथून दरबारात आणि दरबारातून पोथीत गेला. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. पाहणाऱ्या राजाचे नाव राहिले, लिहिणाऱ्या सेनापतीचे राहिले, पंडिताचेही राहिले. जिच्या पायांतून ते नृत्य उमटले, तिचे नाव कोणी लिहिले नाही.

सुमारे नऊ शतके लोटली. आजही नवरात्रात, गावोगावच्या महोत्सवांत संबळ घुमतो, आपण माना डोलवितो. पण वाजविणाऱ्याचे नाव किती जण विचारतात? निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची नावे ठळक असतात आणि कलावंतांच्या वाट्यास ‘गोंधळी मंडळी’ एवढे दोन शब्द येतात. लोककलेचा गौरव करावयाचा तर प्रारंभ येथूनच करावा. पत्रिकेवर कलावंताचे नाव छापावे, ठरलेली बिदागी कार्यक्रम संपताच सन्मानाने हाती द्यावी, आणि त्याच्या मुखातील आख्याने त्याच्या संमतीने व नावानिशी टिपून ठेवावीत. सोमेश्वराच्या उत्सवात राहून गेलेली गोष्ट आपल्या उत्सवात तरी राहून जाऊ नये.