रिकॉम्बिनंट सायटोकाइन म्हणजे काय?

पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते बरेचदा प्रथिनांमार्फत. सायटोकाइन, ग्रोथ फॅक्टर ही अशीच संदेशवाहक प्रथिने. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या (एनसीसीएस) संस्थांत पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासल्या जातात, तेव्हा हे निरोप बाहेरून द्यावे लागतात. त्यासाठी मानवी जनुक अनेकदा ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन बनवतात आणि शुद्ध करतात.

खरी मेख इथेच आहे. जिवाणूच्या आवरणातले एंडोटॉक्सिन अगदी किंचित जरी उरले, तरी प्रतिकारपेशी त्यानेच भडकतात आणि संशोधक श्रेय देतो प्रथिनाला! पडताळा तसा साधा: नमुना उकळायचा. बहुतेक प्रथिने निकामी होतात, एंडोटॉक्सिन बरेचसे टिकते. तरीही पेशी भडकल्या, तर संशय एंडोटॉक्सिनवर.