पळायचं कोणी, खेळाडूनं की चेंडूनं? हैदराबादच्या फुटबॉलमधलं एक जुनं भांडण



२०२४ साली 'मैदान' सिनेमा आला तेव्हापासून पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "काय हो, तुमच्या हैदराबादेत फुटबॉल खरंच एवढा मोठा होता का?" होता. आपल्या ग्रुपवर खो-खो, गणेशोत्सव, नाटकं यांवर पुष्कळ लिहून झालं, पण फुटबॉलवर कोणी लिहिलेलं दिसलं नाही. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडीतल्या मराठी घरांतून फुटबॉल खेळणारे कमी आणि त्यावर भांडणारे जास्त, हे त्याचं कारण असावं. मी ते भांडणच लिहितो आहे. मी कॉमर्सचा माणूस, पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत काढली, तेव्हा खेळातलं शास्त्र माझ्याकडून चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

भांडण साधं होतं. आपल्या टीमचं पळणं कसं सुधारायचं? एका पक्षाचं म्हणणं, खेळाडूत वेग हवा, चेंडू पायाला चिकटवून चार जणांना चकवत सुसाट निघाला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणे, माणूस पळून पळून किती पळेल, चेंडू पळवा. काचीगुडा स्टेशनाजवळच्या इराणी हॉटेलात एका चहावर दोन दोन तास हे चाले. दखनीत त्याला एक ठरलेलं वाक्य होतं, "मियाँ, गेंद कू भगाव, खुद नक्को भागो!" आमचे अण्णा, म्हणजे वडील, सरकारी हिशेब खात्यात होते आणि या दुसऱ्या पक्षाचे होते. त्यांचं उदाहरण खो-खोचं असे. एकटा पोरगा कितीही तेज असू दे, पळणाऱ्याच्या मागे तोच धावत राहिला तर दमणार तोच. पण वेळेवर खो पडत गेले की पळणाऱ्याची छाती भरते. खो-खो आपल्या रक्तातला, त्यामुळे ही गोष्ट मराठी पोरांना लगेच पटे. आमचे शेजारी मामू मात्र मान हलवत आणि म्हणत, "कुलकर्णी साब, मजा तो ड्रिब्लिंग में है." (सगळ्याच मराठी माणसांना मामू कुलकर्णी म्हणत. आम्ही कुलकर्णी नव्हतो.)

हे भांडण काही नुसतं इराणी हॉटेलातलं नव्हतं. त्याच काचीगुड्यातल्या मिडल स्कूलमध्ये एके काळी शिकवणारा एक मास्तर त्याचं उत्तर मैदानावर शोधत होता. सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ चा, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. पुढे दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूल इथेही ते शिकवत. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी आणि १९५० पासून सिटी पोलिस टीमचे कोच. सिनेमात त्यांना सगळं स्फुरतं तसं दाखवलं आहे. प्रत्यक्षात तो माणूस शाळामास्तरासारखा रोज धडे गिरवून घेणारा होता.

त्यांनी काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. पोरांसाठी अशा स्पर्धा काढल्या की ज्यांत चकवायला बंदी. चेंडू पायात आला की पुढे द्यायचा, घेऊन पळायचं नाही. दुसरी स्पर्धा कमकुवत पायाची. उजव्यानं मारणाऱ्यानं फक्त डाव्यानं खेळायचं. आता विचार करा, ज्याचा एकच पाय चालतो त्याला चेंडू आला की आधी तो सोयीच्या पायावर घ्यावा लागतो. त्यात क्षण दोन क्षण जातात आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. दोन्ही पाय चालले की ते क्षण वाचतात. सबंध टीमचे असे क्षण वाचले की बघणाऱ्याला वाटतं, ही टीम भलतीच वेगवान आहे. पाय तेच असतात, वाया जाणारा वेळ कमी झालेला असतो. बँकेत काउंटरवर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हात भराभर चालवणाऱ्यापेक्षा ज्याची कागदपत्रं जागच्या जागी असतात त्याची रांग आधी संपते.

परिणाम सगळ्या देशानं पाहिला. मुंबईच्या रोव्हर्स कपात हैदराबाद सिटी पोलिसनं १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं बाजी मारली. दिल्लीचा ड्युरंड कप १९५० ला आणि पुन्हा १९५४ ला. आमचे एक काका गिरगावात राहत, ते कूपरेजवर मॅच बघून अण्णांना पोस्टकार्ड टाकत. त्यांची एक तक्रार घरात कायमची थट्टेची झाली होती. तुमचे पोलिस पळतच नाहीत, तरी जिंकतात कसे?

या प्रश्नात खरी गोम आहे. त्याकडे येतो, पण आधी भांडणाचे आणखी दोन फाटे सांगतो.

एक फाटा बुटांचा. आपले पुष्कळ खेळाडू तेव्हा अनवाणी किंवा पायाला पट्टी बांधून खेळत. अनवाणी पक्ष म्हणे, चेंडू पायाला कळतो आणि बुटांनी पाय जड होतात. कोरड्या टणक मैदानावर ते खरंही असेल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी आपण फक्त १-२ नं हरलो, त्यामुळे या पक्षाची छाती फुगलेली होती. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्याच हाताखाली सुवर्णपदकही मिळालं. मग १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं. थंड हवा, आपले बरेचसे अनवाणी. तिथे पाय रोवणार कुठे आणि पळणार कसे? त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले आणि हा फाटा मिटला.

दुसरा फाटा दमाचा. आपल्याकडच्या स्पर्धांत मॅच सत्तर मिनिटांची असे, बाहेर नव्वदची. सत्तर मिनिटांना बांधलेलं शरीर नव्वद मिनिटांना कसं पुरणार? १९५६ ला मेलबर्नमध्ये याचाच अनुभव आला असं अण्णा शेवटपर्यंत म्हणत. त्या टीममध्ये सात-आठ जण आपल्या हैदराबाद-सिकंदराबादच्या मातीतले. ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. सेमीफायनलमध्ये पुन्हा युगोस्लाव्हिया. उत्तरार्धात पहिला गोल आपला झाला, आणि मग आपल्यावर चार झाले. ब्राँझसाठीच्या मॅचमध्ये बल्गेरियानं ३-० नं हरवलं. चौथा नंबर. तरी चार वर्षांपूर्वीच्या १०-१ वरून इथवर आलो होतो, हे विसरू नये.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या लोकांशी जोडलेलं आहे. मेलबर्नच्या ऑलिंपिकच्या तीनच आठवडे आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. सरकारी नोकरीतल्या मराठी माणसांपुढे प्रश्न आला, औरंगाबाद-मुंबईकडे जायचं की इथेच राहायचं. आमच्या वाड्यातली तीन बिऱ्हाडं गेली, आम्ही राहिलो. मी तेव्हा लहान, मला एवढंच आठवतं की घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलत. फुटबॉलची गंमत अशी की राज्य नकाशावरून गेलं तरी संतोष ट्रॉफीत टीम 'हैदराबाद' या नावानंच उतरली, आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. मागे राहिलेल्यांना ते नाव स्कोअरबोर्डावर बघून काय वाटलं असेल, ते ज्यांच्या घरात ती ताटातूट झाली त्यांनाच कळेल. अण्णा भावनाप्रधान बिलकुल नव्हते, पण त्या कात्रणांची घडी त्यांच्या ट्रंकेत होती.

आता काकांच्या प्रश्नाकडे. तुमचे पोलिस पळत नाहीत तरी जिंकतात कसे? माझं मत असं आहे की ते पळत होते, आणि समोरच्यांपेक्षा जास्त पळत होते. बघणाऱ्याचा डोळा चेंडूवर असतो. चेंडू घेऊन पळणारा सगळ्यांना दिसतो, टाळ्या त्याला. पण चेंडू एका स्पर्शात पुढे द्यायचा म्हटलं तर तो घ्यायला कोणीतरी मोकळ्या जागी आधीच पोचलेला हवा. आणि देणाऱ्यानंही दिल्यावर उभं राहून चालत नाही, त्यानं पुढची जागा धरायची. हे सगळं पळणं बिनचेंडूचं, म्हणून कूपरेजच्या गॅलरीतून काकांना ते दिसलं नाही. म्हणजे इराणी हॉटेलातले दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर होते. खो-खोचं उदाहरणही तेवढ्यापुरतंच चालतं, कारण खो-खोत खो घेणारा बसलेला असतो आणि फुटबॉलात त्याला उठून जागा शोधत हिंडावं लागतं. हे मी अण्णांना १९७० च्या सुमारास एकदा सुनावलं होतं. त्यांनी पेपर वर धरला आणि उत्तर दिलं नाही.

१९५३ ला हंगेरीनं इंग्लंडला वेंब्लीवर ६-३ हरवलं, ते याच जोरावर. त्यांचा मधला फॉरवर्ड मागे सरकून खेळे, इंग्लंडचा डिफेन्स त्याला धरायला पुढे येई आणि मागे रान मोकळं होई. रहीमसाहेबांनी हा धागा उचलला आणि आपल्या टीमला दिला. परदेशी कोच नाही, व्हिडिओ नाही, शाळामास्तराचा पगार, आणि हा माणूस जगात काय चाललंय ते बघून इथल्या पोरांना शिकवत होता. सिकंदराबादच्या अम्मुगुड्याहून येणाऱ्या तुलसीदास बलरामला भाड्याच्या सायकलसाठी ते पदरचे पैसे देत. बँकवाला म्हणून सांगतो, एवढ्या थोड्या भांडवलावर एवढा परतावा मी दुसरीकडे पाहिला नाही.

१९६२, जकार्ता. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी ०-२ नं गेली. मग थायलंड, जपान यांना हरवलं. डिफेन्समधला जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेला. पूर्वी तो फॉरवर्डला खेळलेला होता हे ओळखून रहीमसाहेबांनी त्याला थेट पुढे उभा केला. सेमीफायनलमध्ये त्यानं गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या फायनलमध्येही. पहिला पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा, कोरिया २-१ नं हरली. सगळं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. त्या वेळी रहीमसाहेब कॅन्सरनं आतून पोखरले गेले होते. ११ जून १९६३ ला ते गेले. वय त्रेपन्न.

पुढचं थोडक्यात. लोक म्हणतात ते गेले आणि हैदराबादचा फुटबॉल संपला. लगेच संपला नाही. १९६५-६६ ची संतोष ट्रॉफी आंध्र प्रदेशनं जिंकली. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणाऱ्या टीमचा कॅप्टन आपला नईमुद्दीन. आणि मोहम्मद हबीब, कोलकात्याचा 'बडे मियाँ', तो तर नव्वद मिनिटं न थांबणारा माणूस. १९७७ ला ईडन गार्डनवर पेलेच्या कॉसमॉसशी मोहन बागान २-२ खेळलं, त्यात एक गोल हबीबचा. पण वरची नावं पुन्हा बघा. बलराम, नईम, हबीब, सगळे कोलकात्याला गेले. तिथे पैसा होता आणि गर्दी होती. इथे पोलिसची नोकरी हाच एक आधार होता. एका माणसाच्या डोक्यात आणि एका खात्याच्या भरतीत सगळा खेळ अडकला होता. चकवायला बंदी असलेल्या त्या पोरांच्या स्पर्धा दर वर्षी नेमानं भरवणारा दुसरा मास्तर मिळाला नाही. माझ्या मते खरं नुकसान ते, कोलकात्याला गेलेले खेळाडू नव्हेत. खेळाडू जातातच, मागून नवे तयार व्हायला हवेत.

२०२२ च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीनं गोव्यात, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, आयएसएलची फायनल पेनल्टींवर जिंकली. मी नातवाबरोबर टीव्हीवर बघत होतो. मी विचारलं, यातला हैदराबादचा कोण? तो मोबाईलमध्ये बराच वेळ शोधत बसला.

एक विनंती. आपल्यापैकी जे चादरघाट हायस्कूलला होते, किंवा ज्यांच्या घरी फतेह मैदानावरच्या मॅचचे फोटो, रोव्हर्स कपाची कात्रणं असतील, त्यांनी खाली टाकावीत. अण्णांच्या ट्रंकेतली कात्रणं २००० सालच्या ऑगस्टच्या पुरात भिजली, दोनच वाचली. ती मी उद्या मुलाकडून स्कॅन करून घेतो.