पर्यायी अवलंबने आणि देवनागरीचे वाचन

लिनक्स प्रणालीवरील सॉफ्टवेअर मूळ संहितेपासून बांधताना काही लायब्ऱ्या अनिवार्य असतात, तर काही पर्यायी. परंतु अमुक एक लायब्ररी पर्यायी आहे हे कोणाच्या गरजेवरून ठरले, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. मराठीच्या दृष्टीने मात्र तोच मुख्य प्रश्न होय.

डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ हे साधन रचले. त्यातून तयार होणारी ‘कॉन्फिगर’ ही आज्ञावली यंत्रावर कोणत्या लायब्ऱ्या आहेत याचा शोध घेते. ‘विथ’ आणि ‘विदाउट’ या शब्दांनी बांधणारा आपली निवड कळवितो. त्याने काहीच न कळविल्यास जे सापडेल ते मुकाट्याने जोडून घेण्याची कित्येक प्रकल्पांची रीत आहे. त्यामुळे एकाच संहितेपासून दोन यंत्रांवर दोन निराळी सॉफ्टवेअरे निपजतात. हस्तलिखितांतील पाठभेदांशी याचे साम्य आहे. मात्र पोथीतील पाठभेद डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही.

देवनागरीच्या बाबतीत तो दिसला. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, जोडाक्षर घडविणे, रफार वर चढविणे ही कामे निराळ्या लायब्ररीची. ती नसेल तर काय होते, हे मराठवाड्यातील गावांच्या नावांवरून चांगले समजते. नांदेड, लातूर, कंधार, औसा ही नावे बहुतांशी सुखरूप राहतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही व ऱ्हस्व वेलांटीही नाही. किनवट, बिलोली, निलंगा यांची वेलांटी मात्र पुढच्या अक्षराकडे सरकते. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव तर पुरतेच विस्कटते: ‘स्वा’ आणि ‘द्या’ ही जोडाक्षरे हलन्ताने फुटतात, ‘र्थ’चा रफार नाहीसा होतो आणि ‘वि’ची वेलांटी जागा सोडते. इंग्रजी वाचकाला यातील काहीच जाणवत नाही. म्हणूनच ही लायब्ररी पर्यायी गणली गेली.

फायरफॉक्सचा इतिहास याची साक्ष देतो. तिसऱ्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २००८ पूर्वी, लिनक्सवर पँगो या लायब्ररीचा आधार हा बांधणीतील एक विकल्प होता. फेडोरासारख्या वितरणांनी तो स्वीकारला. परंतु पँगोमुळे पाने उघडण्यास वेळ लागतो, अशी तक्रार होऊन तो बंद करण्याची युक्तीही सर्वत्र सांगितली जाऊ लागली. वेगाची तक्रार खोटी नव्हती. तथापि एकाचा क्षणभराचा विलंब आणि दुसऱ्याचे अवाच्य पान ही एकाच तागडीत तोलण्याजोगी नव्हेत. तिसऱ्या आवृत्तीत पँगो मूळ रचनेतच आली आणि वाद मिटला.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये असेच, परंतु सावकाश घडले. वर्णक्रम लावणारी आयसीयू ही लायब्ररी २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत पर्याय म्हणून आली आणि २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून ती नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या संकेतांकांवर लावलेली नावांची यादी म्हणूनच मराठी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही.

मग सर्वच पर्याय स्वीकारावेत काय? फ्रीटाइप आणि हार्फबझ यांचे उदाहरण निदान सावध करणारे आहे. हार्फबझ फ्रीटाइपचा उपयोग करू शकते. फ्रीटाइपही अक्षरांच्या आपोआप होणाऱ्या रेखीवपणासाठी हार्फबझ घेऊ शकते. हे चक्र तोडण्यासाठी प्रथम फ्रीटाइप एकटी बांधतात, नंतर हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण याहून गंभीर आहे. ओपनएसएसएचला एक्सझेडच्या संक्षेपण लायब्ररीची मुळीच गरज नव्हती. काही वितरणांनी सेवा सुरू झाल्याची सूचना देण्यापुरती त्यास सिस्टिमडीची लायब्ररी जोडली, आणि तिच्यामागून एक्सझेडही आत आली. एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेले चोरदार याच वाटेने दूरस्थ प्रवेशाच्या सेवेपर्यंत पोहोचले होते. आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते उघडकीस आणले. पुढे जुलै २०२४ च्या ९.८ या आवृत्तीत ओपनएसएसएचने ती सूचना देण्याची सोय कोणतीही लायब्ररी न जोडता स्वतःच केली.