नेमक्या छऱ्याचा शोध



जत्रेत फुगे फोडायचा खेळ आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. फळीवर रंगीत फुग्यांची रांग असते, समोर हवेची बंदूक असते, आणि एक छर्रा मारायला थोडे पैसे पडतात. नेम चुकला की आपण म्हणतो, "हात हलला." हात हलला नसेल तर म्हणतो, "बंदूकच वाकडी आहे." बिचाऱ्या छऱ्याला मात्र कोणी दोष देत नाही. एवढासा शिशाचा तुकडा, त्यात चुकण्यासारखं ते काय असणार? पण या एवढ्याशा तुकड्यापायी माणसानं दोन-अडीचशे वर्षं डोकं चालवलेलं आहे. ती हकिकत आज ऐका.

पूर्वीच्या ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोल गोळी तोंडाकडून घालीत. लढाईत ती झटकन आत जावी म्हणून नळीपेक्षा थोडी लहानच ठेवीत. त्यामुळे बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शेवटी ज्या बाजूला घासली, त्याप्रमाणे तिला गिरकी मिळे आणि ती भलतीकडे वळे. हे कोडं सोडवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. १७४२ साली त्याचा तोफविद्येवरचा ग्रंथ निघाला. पुढे त्यानं एक मजेदार प्रयोग केला. बंदुकीची नळी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावून गोळी झाडली. गोळी डावीकडे निघाली, पण पुढे हळूहळू उजवीकडे वळली! पडद्यांवरची भोकं साक्षीला होतीच. गोळीला गिरकी असणारच. मग ती मनमानी नसावी, नळीत आटे पाडून आपणच ती सरळ द्यावी, असं त्याचं सांगणं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

आटे पाडले खरे, पण नवी अडचण उभी राहिली. आट्यांत बसायचं तर गोळी मापातच हवी. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं गिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल घेतली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती, आणि ती भरायला हातपंपाचे दीड हजारांच्या आसपास दट्टे मारावे लागत! आता दारूचा धडाका मोठा असतो, पण हवेचा जोर बेताचा. गोळी जरा सैल असली की हवा बाजूनं निसटते. फार घट्ट असली तर सगळा जोर तिला ढकलण्यातच खर्च होतो. म्हणजे हवेच्या बंदुकीला गोळीचं माप अधिकच काटेकोर लागतं.

त्याच काळात इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी विल्यम वॉट्स नावाचा नळकाम करणारा कारागीर होता. शिकारीचे बारीक छर्रे तेव्हा धड गोल होत नसत. कुणाला शेपूट, कुणाला पोचा. वॉट्सनं आपल्या घराच्या मजल्यांना भोकं पाडली, वर मनोरा चढवला, आणि वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडलं. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब कसा गोल होऊन बसतो, ते आपण पाहतो. तसाच शिशाचा थेंब पडता पडता स्वतःच गोल होतो आणि पाण्यात पडेपर्यंत आवळून घट्ट होतो. १७८२ साली त्याला या कृतीचं पेटंट मिळालं. असे मनोरे बांधणाऱ्यांनी निवडीची युक्तीही छान काढली होती. उतरत्या फळीवरून छर्रे सोडायचे आणि मध्ये फट ठेवायची. गोल छर्रा वेगानं येऊन फट ओलांडून जातो. वेडावाकडा रेंगाळतो आणि फटीत पडतो. आपल्या आयाबहिणी सुपात धान्य पाखडतात, त्यातलाच हा प्रकार.

विसाव्या शतकाच्या आरंभी छऱ्यानं रूपच बदललं. तो डमरूसारखा झाला: पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पातळ, पोकळ घेर. हवेचा दाब आला की घेर फुलतो आणि नळीच्या आट्यांत घट्ट बसतो. हवा निसटायला जागा उरत नाही. बाहेर पडल्यावर जड डोकं पुढे राहतं आणि हलका घेर मागे ओढ धरतो, बॅडमिंटनच्या फुलासारखा. सैल-घट्टाचं जुनं भांडण अशा रीतीनं बरंचसं मिटलं.

बरंचसं म्हणतो, पुरतं नव्हे. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची स्पर्धा सुरू झाली. तिच्या निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, आणि त्याचा वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास. गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करा. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा सुमारे १६ मिलिमीटर खाली येतो. वेग शंभरात एकानं कमी झाला, तर तो आणखी तिसरा हिस्सा मिलिमीटर खाली लागतो. म्हणजे नेमबाजाची काही चूक नसताना दशांश गुण गेला! २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं, ते ७०.. नव्हे, पुरते ७००.५ गुण मिळवून. दुसऱ्याचे होते ६९९.७. सत्तर गोळ्यांअखेर फरक किती, तर आठ दशांश.

मग सर्वांत नेमका छर्रा कोणता? उत्तर ऐकून नवल वाटेल: असा एक छर्रा जगात नाहीच. हे छर्रे ४.५ मिलिमीटरचे म्हणवतात, पण डोक्याच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ठेवून ते विकले जातात: ४.४९, ४.५०, ४.५१. एका नळीला एक माप मानवतं, शेजारच्या नळीला दुसरं. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळतात, घाण्यामागून घाणा झाडून पाहतात, आणि जुळला की त्याच घाण्याचे डबे घेऊन ठेवतात.

ज्या शाळेत नेमबाजी शिकवतात, तिथे हीच परीक्षा प्रशिक्षकासमोर, रेंजवर करता येते. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. पहिले चार-दोन छर्रे सोडून द्या. मग एकाच डब्यातले पाच छर्रे एकाच खुणेवर मारा. कागद बदला, डबा बदला, पुन्हा पाच. बाकी काहीही बदलू नका. भोकं मध्यभागी आहेत का, हे पाहू नका, कारण मध्य साधायला माशी हलवता येते. भोकांचा पुंजका किती लहान, ते मोजा. पाचांत नशिबाचाही भाग असतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. महाग डबा हरला आणि स्वस्त जिंकला, तर तोही निकाल मानून घ्या.

हे कशासाठी, असं कोणी विचारील. शाळेची रायफल जुनी असते, छर्रे चार डब्यांतले मिसळलेले असतात. मुलीचा नेम चुकतो आणि आपण म्हणतो, "तुझा हात स्थिर नाही." हात चुकला की छर्रा, हे कळायची वाटच आपण ठेवलेली नसते. मूल मात्र स्वतःला कमी समजून बसतं. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला. गुणी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना दोष देण्याआधी साधन पारखून द्यावं, एवढंच मागणं.

आणि दोन सूचना. शिसं विषारी आहे; छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. आणि नळी नेहमी निशाणाच्या फळीकडेच असावी, पाखराकडे किंवा माणसाकडे कधीही नव्हे.