हॅम्बुर्गचे न गाळलेले पाणी

सन १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग या भरभराटीच्या बंदरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीषण साथ उसळली. नगराचा कारभार धनिक व्यापाऱ्यांच्या हाती होता. नळांतून एल्बे नदीचे पाणी न गाळताच येत असे. ते गाळून द्यावे ही मागणी जुनी होती. परंतु जमाखर्च चोख ठेवणाऱ्या त्या मंडळींनी हा एक खर्च वर्षानुवर्षे पुढील सालाच्या खात्यावर ढकलला. अखेर काम हाती घेतले, पण ते पुरे होण्यापूर्वीच साथ आली. त्यातही बंदर ओस पडेल या धास्तीने साथ जाहीर करण्यास विलंब लावला गेला. व्यापाऱ्याला ही धास्ती समजू शकते, तिचे समर्थन मात्र करता येत नाही.

पटकीच्या जंतूचा सन १८८३-८४ मध्ये ईजिप्त व कलकत्ता येथे शोध घेणारे डॉ. रॉबर्ट कॉख यांना बर्लिनहून पाठविण्यात आले. उकळलेले पाणी गाड्यांवरून गल्लोगल्ली वाटले गेले; घरे कार्बोलिक ॲसिड व चुन्याने निर्जंतुक करण्यात आली. उष्णतेने जंतूंमधील प्रथिने गोठतात व ते मरतात. तरीही सुमारे ८६०० माणसे दगावली.

विस्मयाची गोष्ट शेजारच्या अल्टोना नगराची. ते नदीच्या खालच्या अंगास. हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणीच ते उचलीत असे, परंतु वाळूच्या थरांतून संथपणे गाळून. सरहद्दीवरील रस्त्याच्या एका बाजूस मृत्यूचे थैमान, तर दुसऱ्या बाजूस घरे सुखरूप! हॅम्बुर्गच्याच हद्दीतील एका वसाहतीस अल्टोनाचे पाणी मिळत असे, तीही बचावली.

अशा वाळूवर कालांतराने सायीसारखा चिकट थर धरतो आणि बहुतेक जंतू तेथेच अडतात. घरातील गाळण्याच्या फडक्याची वीण सुट्या जंतूस अडविण्याइतकी घट्ट नसते. मात्र ज्या सूक्ष्म जलचरांना हे जंतू चिकटून राहतात, ते जलचर जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्यांत अडकतात. बांगलादेशातील खेड्यांत याच उपायाने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे सन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हॅम्बुर्गचे वाळूचे गाळणी केंद्र मे १८९३ मध्ये सुरू झाले.