पडद्यावरचे गाव

एखाद्या नगराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण तट, वेशी, पेठा आणि त्या कोणी वसविल्या येथून आरंभ करतो. परंतु घरे बांधली म्हणजे गाव वसले असे होत नाही. एकमेकांशी वागावे कसे, हे माणसे ठरवितात तेव्हा ते वसते. या विचाराची कसोटी गेल्या शतकाच्या अखेरीस एका विलक्षण ठिकाणी लागली. ते ठिकाण म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उभारलेले गाव.

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसविण्याचे एक यंत्र दाखविले. मान वळवावी तशी समोरची रेषांनी काढलेली त्रिमित आकृती वेगळ्या बाजूने दिसे. परंतु त्या जगात पाहणारा एकटाच होता. पुढे १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा खेळ आरंभिला व रिचर्ड बार्टल यांनी तो वाढविला. तेथे अनेक खेळाडू एकत्र येत. मात्र चित्र नव्हते, नुसती अक्षरे होती.

चित्र आणि शेजार यांची गाठ पडली ती १९८६ साली, लुकासफिल्म या कंपनीच्या 'हॅबिटॅट'मध्ये. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. घरोघरचे 'कमोडोर ६४' संगणक टेलिफोनच्या तारेने जोडलेले. चित्रे साधी, सपाट. पडद्यावर रहिवाशाच्या वतीने वावरणाऱ्या आकृतीला त्यांनी नाव दिले 'अवतार'. शब्द आपलाच, फरक एवढाच की येथे देव नव्हे, माणूस अवतरत होता.

आणि माणूस आला की त्याचे गुणदोषही आले! तेथे चोरी करता येई, शस्त्र चालविता येई. मारला गेलेला अवतार आपले मुंडके हातात घेऊन रिकाम्या खिशाने घरी परते. त्यावर वाद माजला. हत्या हा गुन्हा मानावा की खेळातील गंमत, असा कौल घेतला, तेव्हा मते जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. प्रत्यक्ष जीवनात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मोपदेशक असलेल्या एका गृहस्थाने तेथे पंथ स्थापून अनुयायांना शस्त्र न धरण्याची शपथ घातली. रहिवाशांनी आपला कोतवालही निवडला. अखेर शहराच्या हद्दीत चोरी व शस्त्र बंद, बाहेर मोकळीक, अशी तडजोड झाली.

अर्थशास्त्रानेही चालकांना धडा दिला. ७५ नाण्यांना मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्रात १०० नाण्यांना विकली जाते, हे काही चतुर रहिवाशांनी हेरले. त्यांनी रात्रभर फेऱ्या मारल्या. सकाळी पाहतात तो गावातील एकूण चलन पाचपट! चालकांनी आठवडे खर्चून रचलेला गुप्त धनाचा शोध एका हुशार खेळाडूने काही तासांत उलगडला. गावाचा सारा आराखडा आधी आखून ठेवता येत नाही, हे त्यांनी पुढे १९९० साली स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले.

पुढे चित्रे खरोखर त्रिमित झाली. १९९५ साली 'ॲक्टिव्ह वर्ल्ड्स' आले, २००३ साली 'सेकंड लाइफ'. येथे घरेही रहिवासीच बांधू लागले, आणि तेथील चलन खऱ्या डॉलरांत बदलता येऊ लागले. पण जुने प्रश्न सुटले का? २००७ साली 'सेकंड लाइफ'मध्ये जुगारावर बंदी आली. त्याच वर्षी तेथील एक पेढी बुडाली, ठेवीदार हात चोळीत बसले, आणि जानेवारी २००८ मध्ये परवान्यावाचून पेढ्या चालविणेही बंद झाले. चित्र सुधारले तरी माणूस तोच राहिला.

शिल्पकार भिंती उभारील, आकाश रंगवील. परंतु विश्वास त्याला घडविता येत नाही. तो रहिवाशांनीच भांडत, समेट करीत घडवावा लागतो. गाव करी ते राव न करी, ही आपल्या वाडवडिलांची म्हण. ज्या गावाला माती नाही, पाणी नाही, त्या गावालाही ती लागू पडावी, यातच तिचे सामर्थ्य आहे.